बार्शी लाईटची गावाकडची बाजू वाचवू या

तुळजापूरला रेल्वे येते आहे. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या रुंद मार्गाचं काम चालू आहे. पूर्वी बैलगाडीने, मग एसटीने आणि नवरात्र-कोजागरीला आजही पायी येणाऱ्या भाविकांच्या या गावात पहिल्यांदाच स्टेशनाची पाटी लागेल. फटाके वाजतील, पहिल्या गाडीला हार पडतील, आणि ते व्हायलाच हवं. पण त्या दिवशी व्यासपीठावरून कुणीतरी हमखास म्हणेल, ‘आपल्या मुलखात आज पहिल्यांदा रेल्वे आली.’ आपणही टाळ्या वाजवू. खरं तर तुळजापूरपासून पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या येडशीला शंभर वर्षांपूर्वीच वाफेचं इंजिन धापा टाकत बालाघाट चढून येत होतं. ते आपण इतक्या लवकर विसरलो आहोत, म्हणून हे आवाहन.

त्या गाडीचं नाव बार्शी लाईट. अडीच फूट रुंदीचे रूळ, त्यावर ठेंगणं इंजिन आणि मागे चिंचोळे डबे. पश्चिमेला मिरज आणि पूर्वेला लातूर, मध्ये कवठे महांकाळ, ढालगाव, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, पांगरी, येडशी, ढोकी, मुरूड अशी गावं. एकूण सव्वातीनशे किलोमीटर. शाळकरी पोरं, मास्तर, कोर्टकचेरीला निघालेले शेतकरी, आठवडी बाजाराला पाट्या घेऊन निघालेल्या बाया, माहेरवाशिणी आणि वारकरी यांची ही रोजची गाडी होती. आज तिचे रूळ नाहीत, धावती इंजिनं नाहीत, शिटी नाही. उरल्या आहेत त्या काही भिंती, काही मोऱ्या, ट्रंकेच्या तळाशी पडलेले काही कागद आणि काही माणसांच्या आठवणी. वाचवायचं आहे ते हे उरलंसुरलं. त्यातही आठवणी सगळ्यात आधी, कारण त्यांना सगळ्यात कमी मुदत आहे.

कंपनीने लिहिलेला इतिहास

बार्शी लाईटबद्दल काहीच लिहिलेलं नाही, असं नाही. जगभरच्या रेल्वेवेड्यांना तिची कुंडली पाठ आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८०च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुंबई–सोलापूर मोठी लाईन बार्शीला टाळून गेली होती. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ. तिचा माल बैलगाड्यांनी तीसेक किलोमीटरवरच्या बार्शी रोड स्टेशनावर, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला जायचा. मोठ्या लाईनला जोडणारी स्वस्त, हलकी लाईन इथे पोट भरेल, हे त्याने हेरलं. परवानग्या आणि भांडवल जमवण्यात काही वर्षं गेली. शेवटी १८९५ साली लंडनमध्ये कंपनी उभी राहिली आणि मार्च १८९७मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन गाडी सुरू झाली.

कॅलथ्रॉपची हुशारी साध्या हिशेबात होती. इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. भार असा सारखा वाटला, की हलके रूळ पुरतात. रूळ हलके म्हणजे पूल, भराव, सगळंच स्वस्त. आणि तरीही डबे लांब ठेवून भरपूर माल नेता येतो. पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीने बांधली. गाड्या इकडे येण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून त्यांची चाचणी झाली आणि ती पाहायला इंजिनिअर मंडळी जमली. अरुंद रेल्वेकडे तोवर खेळणं म्हणून बघणाऱ्यांची तोंडं बार्शीच्या या गाडीने बंद केली.

पुढे १९०६ साली पंढरपूरचा फाटा झाला, पूर्वेकडे लाईन बालाघाट चढून तडवळ्याकडे सरकली, १९११ला लातूरला पोहोचली आणि १९२७ला पंढरपूरहून मिरजेला भिडली. १ जानेवारी १९५४ला कंपनी सरकारजमा झाली. २०००नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने मार्ग रुंद झाला. कुर्डुवाडी–लातूर हा टप्पा २००८पर्यंत पुरा झाला आणि अरुंद रूळ उखडले गेले.

ही सगळी माहिती खरी आहे, महत्त्वाची आहे. पण ती कंपनीच्या कचेरीतून दिसलेली आहे. भांडवल किती, इंजिन कुणाचं, चाकं किती, हे तिच्यात सापडतं. पांगरीच्या शिवारात कुणाच्या जमिनी गेल्या, भरावाची माती कुणी वाहिली, त्यांना मजुरी काय मिळाली, दुष्काळाच्या साली गाडीतून कोण गाव सोडून गेलं आणि कोण परत आलं, पहिल्यांदा एकटी शिकायला निघालेली मुलगी कुठल्या डब्यात बसायची, यातलं काहीही तिच्यात नाही. कंपनीचा इतिहास लंडनमध्ये लिहिला गेला. गावाचा लिहायचा राहून गेला.

हद्द ओलांडणारी गाडी

आपल्या धाराशिव जिल्ह्यापुरतं बोलायचं तर या गाडीचं मोल आणखी एका कारणासाठी आहे. बार्शी इंग्रजी मुलखात होती. घाट चढला की निजामाचं राज्य. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली सिक्का. इकडचा कायदा वेगळा, तिकडचा वेगळा. तुळजापूर, धाराशिव, कळंब, लातूर हा सगळा भाग १७ सप्टेंबर १९४८पर्यंत त्या हद्दीपलीकडे होता. या दोन राज्यांना बांधून ठेवणाऱ्या मोजक्या दोऱ्यांपैकी ही लाईन एक होती. तिच्यातून तूर, गूळ, कापूस गेला, त्याच डब्यांतून वर्तमानपत्रं, पुस्तकं, शिक्षक आणि नवे विचारही आले. लातूरची पेठ मराठवाड्यात नावाजली, त्यात १९११च्या त्या स्टेशनाचा वाटा मोठा आहे.

याच लाईनवरच्या कसबे तडवळ्याचं उदाहरण घ्या. १९४१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत तिथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली. निजामाच्या राज्यातल्या एका खेड्यात. परिषदेसाठी हेच गाव का निवडलं, माणसं कुठून आणि कशी आली, त्या दिवसांत स्टेशनावर काय वातावरण होतं, हे सांगणारी माणसं शोधायला हवीत. त्यांच्या घरातल्या पुढच्या पिढीला ऐकून माहीत असलेलं तरी टिपून ठेवायला हवं. गावच्या स्टेशनाचा इतिहास म्हणजे फक्त इंजिनाचा इतिहास नव्हे, तो इथे कळतो.

पंढरपूरकडे हीच गाडी वेगळ्या कामाला यायची. आषाढी-कार्तिकीला प्रवासी डबे पुरायचे नाहीत, तेव्हा मालडब्यांतून वारकरी नेले जायचे. कंपनीच्या हिशेबात ते उत्पन्न. वारकऱ्याच्या हिशेबात गुडघे दुखणाऱ्या आईला विठोबा दाखवण्याची एकमेव सोय.

आणि अगदी अलीकडचं सांगायचं तर एप्रिल २०१६. लातूर कोरडं पडलं तेव्हा मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन रेल्वे निघाली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत ती लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेला १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आलं. देशभरच्या वाहिन्यांनी ही ‘जलदूत’ गाडी दाखवली. पण मिरज आणि लातूर ही बार्शी लाईटची दोन टोकं, आणि ही वाट जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी त्याच छोट्या गाडीने आखून ठेवली होती, ही गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. आपल्याच भागाची कहाणी आपण दुसऱ्यांच्या तोंडून ऐकतो, तेव्हा ती अशी अर्धी राहते.

‘गेली ते बरं झालं’ म्हणणाऱ्यांसाठी

काही जण म्हणतील, ती रडकी गाडी गेली ते बरंच झालं. तासन्‌तास जायचे, कोळशाची कणी डोळ्यांत जायची, घाटात इंजिनाचा दम तुटायचा. धाराशिव हे जिल्ह्याचं ठिकाण, पण त्याला टाळून ती येडशीहूनच पुढे जायची आणि शहराला स्टेशन मिळालं ते मार्ग रुंद करताना तो वळवला तेव्हाच. हे सगळं मान्य आहे. रुंद मार्गाची मागणी लोकांनीच केली होती आणि ती रास्त होती. छोटी गाडी परत आणा, असं या लेखात कुठेही म्हटलेलं नाही. विदर्भात यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंद मार्गावरच्या ‘शकुंतला’ गाडीसाठी लोक झगडले, तेव्हा तिचे रूळ जागेवर होते. आपले गेले. आपलं काम वेगळं आहे.

पण गाडी सोसली म्हणून ती विसरायची, हा न्याय कुठला? सोसलेलंच तर लिहून ठेवायचं असतं. घाटात फायरमनने किती फावडी कोळसा ओतला, पावसाळ्यात भराव खचला तेव्हा गँगमन रात्रभर कंदील घेऊन कसा उभा राहिला, दिवसाला दोनच गाड्या असलेल्या स्टेशनावर मास्तरांच्या कुटुंबाने दिवस कसे काढले, हे सारं श्रमाचं जग आहे. कॅलथ्रॉपचं नाव टिकायला आपली मदत लागत नाही. ज्यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही, त्यांच्यासाठी आपण काही केलं नाही तर दुसरं कुणीही करणार नाही.

वाचवणारा सरकारी माणूसच लागतो का?

हे काम पुरातत्त्व खात्याचं, रेल्वेचं, विद्यापीठाचं, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण आपल्याच जिल्ह्यात याचं उत्तर उभं आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमन जगाशी व्यापार करणारं नगर. तिथल्या पांढरीच्या टेकाडांतून पावसाळ्यात मणी, नाणी, भाजक्या मातीच्या बाहुल्या वर यायच्या. गावातले एक व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जपायला सुरुवात केली. ना पदवी, ना अनुदान. लोकांना मातीत जे फुटकंतुटकं दिसायचं, त्यात त्यांना गाव दिसलं. त्यांचा तो संग्रह आज त्यांच्याच नावाच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात आहे आणि तगरावर अभ्यास करणाऱ्याला तेरची पायरी चढावीच लागते. सरकार मागाहून आलं. आधी गावातला एक माणूस होता.

बार्शी लाईटच्या पट्ट्यातल्या प्रत्येक गावाला असा एक लामतुरे हवा आहे.

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर तेही कॅलथ्रॉपच्याच घरातलं आहे. बार्शीचा नमुना समोर ठेवून त्याने इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या एका खोऱ्यात लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी लाईन बांधायला मदत केली. ती १९०४ला सुरू झाली आणि पुरेसं उत्पन्न नाही म्हणून १९३४ला बंद पडली. आपल्या गाडीच्या मानाने तिचं आयुष्य किती, तर जेमतेम तीस वर्षं. पण रूळ निघाल्यावर तिथल्या लोकांनी ती वाट सोडली नाही. १९३७ साली भरावावर पायवाट झाली. आज माणसं तिथे चालायला आणि सायकल फिरवायला येतात. ह्यूम एंड या टोकाच्या गावी जुन्या स्टेशनात रेल्वेची माहिती मांडली आहे, शेजारी चहा मिळतो, गावाला चार पैसे मिळतात. धाकट्या बहिणीची ही बडदास्त. थोरली आपल्या दारात होती, शंभर वर्षांहून जास्त चालली, आणि तिच्या नावाने आपल्याकडे साधी पायवाट नाही.

आता काय करायचं?

पहिलं काम माणसांचं. ज्यांनी वाफेच्या इंजिनात कोळसा टाकला, लाईन क्लिअरचा कागद हातात दिला, सिग्नलची तार ओढली, फाटक लावलं, ती माणसं आता सत्तरीपुढची आहेत. त्यांच्यासमोर मोबाईल ठेवा आणि बोलू द्या. ‘गाडी कशी होती’ असा मोघम प्रश्न विचारला तर ‘चांगली होती’ एवढंच उत्तर येतं. नेमकं विचारा: ड्युटीला डबा काय असायचा? इंजिनात पाणी कुठे भरायचं? घाटात वाळू कधी टाकायची? अपघात कधी झाला? पगार कुठे आणि कसा मिळायचा? बायकांना वेगळं विचारा. स्टेशनाच्या चाळीत राहिलेल्या, गाडीने बाजाराला गेलेल्या, लग्न होऊन याच गाडीने सासरी आलेल्या बायकांकडे जे आहे ते पुरुषांना माहीत नसतं. नाव, गाव, तारीख नोंदवा, बोलणाऱ्याची परवानगी घ्या आणि त्या नोंदीची एक प्रत त्यांच्या घरी द्या.

दुसरं काम कागदांचं. पुठ्ठ्याचं तिकीट, विद्यार्थ्याचा पास, मालाची पावती, वेळापत्रक, नेमणुकीचं पत्र, स्टेशनावर काढलेला लग्नाचा फोटो. हे घराघरांत आहे आणि दर दिवाळीच्या साफसफाईत थोडंथोडं रद्दीत जातं आहे. कुणाचीही वस्तू मागून घेऊ नका. त्याच ओसरीवर बसून तिचा स्वच्छ फोटो काढा, मागे कुणाची, कुठली, कधीची ते लिहा आणि वस्तू मालकाच्या हाती परत द्या.

तिसरं काम जागांचं. जुन्या स्टेशनाच्या इमारती, मालधक्के, क्वार्टर्स, पाण्याच्या टाक्या, मोऱ्या, सोडून दिलेला भराव. जिथे नवा मार्ग वेगळीकडून गेला, तिथे जुनी वाट ओळखू येते. लातूरचं जुनं स्टेशन शहराच्या पोटात राहिलं आणि नवं बाहेर गेलं, हे सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतल्या अशा जागांची यादी करावी, नकाशावर खूण करावी, फोटो काढावेत. यातली बरीचशी मालमत्ता रेल्वेची आहे, तेव्हा दगड-लोखंड उचलून घरी आणायचं नाही. यादी घेऊन ग्रामपंचायतीत जायचं, ठराव करायचा आणि तो सोलापूरच्या रेल्वे विभागीय कार्यालयाला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला पाठवायचा. प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांची अट आहे. बार्शी ते लातूर या टप्प्याने ती केव्हाच पार केली आहे. वयाचं कारण सांगून कुणी परत पाठवू शकत नाही.

चौथं काम कारागिरीचं. कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना याच लाईनसाठी उभा राहिला आणि अरुंद गाड्यांच्या दुरुस्तीसाठीच ओळखला गेला. छोटी गाडी हाताळण्याचं ज्ञान तिथल्या कामगारांच्या हातांत आहे. हत्यारांची नावं, कामाच्या खुबी, उस्तादाने शिकवलेले आडाखे यांची नोंद आयटीआयच्या आणि इंजिनिअरिंगच्या मुलांनी घ्यावी. प्रकल्प म्हणून दुसरीकडचा अहवाल उतरवण्यापेक्षा हे काम केलं, तर शिकणंही होईल आणि जपणूकही.

तुळजापूरने पुढाकार का घ्यावा?

तुळजापूर बार्शी लाईटवर नव्हतं, मग ही उठाठेव आपण का करायची, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर व्यवहाराचं आहे. येडशीत किंवा पांगरीत प्रदर्शन मांडलं तर पंचक्रोशी येईल. तुळजापूरला महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणातून लाखो माणसं येतात. नव्या स्टेशनाचे आराखडे प्रत्यक्षात उतरत आहेत, तोवरच एका दालनाची मागणी करता येते. भिंती उभ्या राहिल्यावर जागा मागणं म्हणजे नुसती अर्जबाजी. त्या दालनात कुर्डुवाडी ते लातूर प्रत्येक स्टेशन-गावाची एक चौकट असावी: गावाचं नाव, जुना फोटो, तिथल्या एका माणसाचा आवाज. आई भवानीच्या दर्शनाला रेल्वेने उतरलेल्या प्रवाशाला कळू द्या की या मुलखाने रेल्वे आधी कशी ओढली.

आणि दुसरं कारण त्याहून मोठं. आज आपल्या शिवारातून नवी लाईन जाते आहे. जमिनी जात आहेत, मोबदल्याचे वाद चालले आहेत, विहिरी आणि बांध तुटत आहेत, परप्रांतातले मजूर पालं टाकून राहत आहेत. १८९७च्या लाईनच्या वेळी हे सारं घडलं असणार आणि कुणी लिहिलं नाही. या वेळी लिहा. ज्या शेतातून रूळ जाणार त्या शेताचा आजचा फोटो काढून ठेवा. शेतकऱ्याची बाजू त्याच्याच शब्दांत नोंदवा. पुलाचं काँक्रीट ओतणाऱ्या मजुराचं नाव आणि गाव लिहा. जुन्या गाडीबद्दल आपण जे आज धावपळ करून गोळा करू, ते नव्या गाडीबद्दल पहिल्या दिवसापासून हाताशी राहील. पुढच्या पिढीला आपल्यासारखं रिकाम्या हाताने शोधत फिरावं लागणार नाही.

सुरुवातीला निधी लागत नाही, समिती लागत नाही, उद्घाटनही लागत नाही. शाळेतल्या एका शिक्षकाने इयत्ता नववीच्या मुलांना एक घरचा अभ्यास द्यावा: आजोबा-आजीला बार्शी लाईटचा एक प्रवास विचारून दोन पानं लिहून आणा. ग्रंथालयाने एक कपाट रिकामं करावं. महिला बचत गटाने एक दुपार जुन्या फोटोंसाठी ठेवावी. देवस्थान, नगरपरिषद आणि व्यापारी मंडळाने एकत्र बसून स्टेशनातल्या दालनाचं पत्र तयार करावं. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १ मे यांपैकी जी ग्रामसभा आधी येईल, तिच्यात लाईनवरच्या प्रत्येक गावाने ठराव मांडावा. ठराव दोन ओळींचा पुरे: आमच्या गावातल्या बार्शी लाईट रेल्वेच्या खुणांची आणि आठवणींची नोंद गाव करेल, आणि ती जपण्यासाठी रेल्वेने व शासनाने साथ द्यावी. सूचक एक, अनुमोदक एक. सूचक तुम्ही व्हा.